‘इआनफू’ला मराठीत काय म्हणायचं?

शाईपेन

गेली अठरा वर्षं पुण्यात जपानी शिकवते आणि जमेल तसं भाषांतर करते. सध्या एका दिवाळी अंकाचं काम हातात आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने डांबून ठेवलेल्या बायकांच्या साक्षी मराठीत आणायच्या आहेत. चाळीस पानं आहेत. मी तिसऱ्या ओळीत अडकलेय आणि तीन आठवडे तिथेच आहे.

शब्द आहे ‘इआनफू’. चिनी माणूस हीच तीन अक्षरं ‘वेइआनफू’ अशी वाचतो, कोरियन ‘वीआनबू’. इंग्रजीतून फिरून आपल्याकडे येतो तो ‘कम्फर्ट विमेन’ होऊन, आणि आपली वर्तमानपत्रं तसाच छापून मोकळी होतात.

गेल्या महिन्यात वर्गात एका मुलीने अर्थ विचारला. कुठल्याशा बातमीत तिने वाचला होता. सवयीने मी फळ्यावर अक्षरं लिहिली आणि फोड करून सांगायला लागले. पहिलं ‘इ’, म्हणजे सांत्वन. त्याच्या खालच्या अर्ध्यात ‘हृदय’ आहे. वरचा भाग नुसता उच्चारासाठी घेतलेला, पण तोच सुटा लिहिला की जपानी लष्करातल्या कॅप्टन-लेफ्टनंटच्या हुद्द्यात येतो. दुसरं ‘आन’, छपराखाली बसलेली बाई, अर्थ निवांतपणा. तिसरं ‘फू’, बाई आणि तिच्या बाजूला केरसुणी. गृहिणीला जपानीत ‘शुफू’ म्हणतात, त्यातला ‘फू’ हाच.

मुलगी वहीत उतरवून घेत होती. म्हणाली, “म्हणजे घरी आल्यावर बरं वाटायला लावणारी बाई का, मॅडम?”

तिचं चुकलं नव्हतं. त्या अक्षरांत दुसरं काही दिसतच नाही. मी खडू ठेवला आणि उरलेल्या वेळात धडा बाजूला सारून तिला आणि वर्गाला खरं काय ते सांगितलं. तेच इथेही थोडक्यात मांडते, कारण चर्चेला ते लागेल.

1932 मध्ये शांघायमध्ये जपानी आरमाराने सैनिकांच्या शरीरसुखासाठी बायका ठेवलेली ठिकाणं सुरू केली. त्यांना ‘इआनजो’ म्हणत. आरमाराचं बघून तिथल्या भूदलाचे अधिकारी ओकामुरा यासुजी यांनी नागासाकीच्या गव्हर्नरांकडे बायका पाठवायची मागणी केली. शांघायच्या पूर्व बाओशिंग रस्त्यावरची एक जुनी इमारत त्या पहिल्या ठिकाणांपैकी म्हणून दाखवतात. डिसेंबर 1937 मध्ये चीनची तेव्हाची राजधानी नानजिंग जपान्यांच्या हाती पडली, शहरात बलात्कार आणि कत्तलींचा कहर झाला, आणि त्यानंतर या केंद्रांचं जाळं झपाट्याने पसरलं. सैनिकांनी गावातल्या बायकांवर हात टाकू नये, गुप्तरोग पसरू नयेत, बातम्या फुटू नयेत, अशी कारणं लष्करी कागदांत आहेत. म्हणजे काही बायकांना कोंडून ठेवून बाकीच्यांना वाचवायचं, असा हिशोब. तोही खरा ठरला नाही. बलात्कार थांबले नाहीत, आणि उत्तर चीनच्या शांशी प्रांतासारख्या भागात तर गावातल्याच मुली धरून ठाण्याशेजारच्या घरांत आणि गुहांत ठेवल्या गेल्या.

पुढे जिथे जिथे जपानी फौज गेली तिथे तिथे हे गेलं: कोरियातून, तैवानमधून, चीनच्या व्यापलेल्या भागांतून, फिलिपिन्स, इंडोनेशिया, ब्रह्मदेशापर्यंत. किती बायका? योशिमी योशिआकी या जपानी इतिहासकाराचा अंदाज 50 हजार ते 2 लाख. हाता इकुहिको यांचा 20 हजारांच्या आसपास. शांघायचे सू झिल्यांग चिनी बायका धरून 3 लाख 60 हजारांपासून 4 लाख 10 हजारांपर्यंत जातात. शरणागतीच्या वेळी लष्कराने कागद जाळले, म्हणून हा फरक कधी मिटणार नाही.

आता शब्दाकडे येते. ‘इआन’ जपानीत वाईट शब्द नाही. कंपनीच्या खर्चाने कर्मचाऱ्यांची जी सहल निघते तिला ‘इआन र्योको’ म्हणत आलेत. दमलेल्या माणसाला विरंगुळा, एवढाच अर्थ. ‘इआनफू’ शब्दात विरंगुळा कोणाला मिळाला ते स्पष्ट आहे. बाईला काय झालं याचा त्यात मागमूस नाही. शब्दाच्या आत उभं राहिलं की आपण आपोआप दाराबाहेरच्या रांगेत सैनिकाच्या जागी उभे असतो. आणि मी तोच शब्द ‘दिलासा-स्त्री’ किंवा ‘सुखदायिनी’ करून चाळीस पानांत शंभर वेळा लिहायचा?

मग लिहू काय? ‘वेश्या’ नको. ‘पीडिता’ हा पोलिसी वाटतो. ‘लैंगिक गुलाम’ हा अर्थाने बरोबर आहे, पण ऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडी “मी लैंगिक गुलाम होते” हे मराठीत उभं राहत नाही. तुम्ही काय केलं असतं?

रानजाई

फार महत्त्वाचा धागा. मी अकरा वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होते, त्यामुळे तुमची तिसरी ओळ मला नीट कळतेय.

आमच्याकडे ‘बलात्कार’ शब्द मथळ्यात नको, असं वरिष्ठ सांगायचे. मग काय लिहायचं? ‘अतिप्रसंग’. विचार करा, ‘प्रसंग’ चालला असता, जरा ‘अति’ झाला! दुसरा शब्द ‘अब्रू लुटली’. लुटणाऱ्याची नव्हे, तिची गेली. ‘तोंड काळं केलं’ यातही काळं तोंड कोणाचं ते वाक्यावर अवलंबून. आणि ‘बलात्कार’ हा शब्द घ्या, त्यात ‘बलात्’ उघड आहे, जोर-जबरदस्ती शब्दातच आहे. नेमका तोच आम्ही खोडत होतो, आणि त्याला सभ्यपणा म्हणत होतो.

देवदासींच्या बाबतीतही हेच. आमच्या आजोळी, कोल्हापूरकडे, “तिला देवाला सोडली” असं सहज बोलायचे. 1934 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला, पण वाक्य त्यानंतर कितीतरी वर्षं तसंच राहिलं. सोडणारा कोण, हे त्या वाक्यातून कधी कळायचं नाही.

ब्रह्मपुत्राकाठ

नोकरीमुळे सहा वर्षं वरच्या आसामात काढली, मार्घेरिटाजवळ. तिथून लेडो अगदी जवळ. कोळशाच्या खाणी, स्टेशन, आणि जिथून ब्रह्मदेशाकडे युद्धातला रस्ता निघतो ती जागा, एवढंच मला माहीत होतं. पुढे वाचनात आलं आणि त्या गावाकडे बघायची माझी नजरच बदलली.

ऑगस्ट 1944 मध्ये उत्तर ब्रह्मदेशातलं मिचिना जपान्यांच्या हातून गेल्यावर दोस्त राष्ट्रांच्या हाती वीस कोरियन बायका आणि त्यांना चालवणारं एक जपानी जोडपं लागलं. अमेरिकन लष्कराने त्यांना लेडोच्या कैदी छावणीत आणून जबाब घेतले, 20 ऑगस्ट ते 10 सप्टेंबर. 1 ऑक्टोबर 1944 चा तो अहवाल, क्रमांक 49, आज जगभर, जबरदस्ती झाली म्हणणारे आणि नाही झाली म्हणणारे, दोन्ही बाजूंचे लोक दाखवतात. म्हणजे या विषयातला सर्वांत जास्त वाद घातला गेलेला एक कागद आपल्या भारतात लिहिला गेला आहे.

त्या अहवालात भरतीची पद्धत लिहिली आहे. 1942 मध्ये दलाल कोरियात गेले आणि त्यांनी मुलींना ‘सांत्वनाचं काम’ आहे म्हणून सांगितलं. काम काय, तर इस्पितळात जखमी सैनिकांना भेटायचं, बँडेजं गुंडाळायची, त्यांना बरं वाटेल असं बघायचं. चांगला पगार, घरचं कर्ज फेडायची सोय. घरच्यांच्या हातात काहीशे येन आगाऊ ठेवले. सुमारे 800 मुली त्या खेपेत रंगूनला उतरल्या.

शाईपेन ताई, तुमच्या वर्गातल्या मुलीने अक्षरांवरून जो अर्थ काढला, तोच या मुलींनी काढला असणार. तुम्ही म्हणता शब्द नंतर झाकायला वापरला. मला वाटतं, आधी गळाला लावायलाही तोच वापरला.

पुराव्यानिशी

विषय गंभीर आहे म्हणून दुसरी बाजूही मांडतो. राग मानू नये, मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

एक, वर ज्या लेडोच्या अहवालाचा उल्लेख आला, त्यातच लिहिलं आहे की या बायका म्हणजे लष्करामागून फिरणाऱ्या वेश्याच. दोन, योशिदा सेइजी नावाच्या माणसाने कोरियाच्या जेजू बेटावर आपण मुली कशा पळवल्या ते सांगितलं होतं, ते खोटं निघालं आणि आसाही शिम्बुन या वर्तमानपत्राला 2014 मध्ये त्यावरच्या बातम्या मागे घ्याव्या लागल्या. तीन, 2021 मध्ये हार्वर्डच्या एका कायद्याच्या प्राध्यापकाने हे करार होते असं मांडलं. मग ‘गुलाम’ शब्द वापरताना आपण दुसऱ्या टोकाला जात नाही ना?

शाईपेन

@पुराव्यानिशी, राग अजिबात नाही. हे प्रश्न मला वर्गातही येतात. क्रमाने सांगते.

लेडोच्या अहवालात ते वाक्य आहे, बरोबर. आणि त्याच अहवालात, अगदी जवळच, ब्रह्मपुत्राकाठ यांनी सांगितलेली फसवणूकही आहे. जबाब लिहून घेणाऱ्याने काय मत बनवलं ते एक, आणि मुलींनी काय सांगितलं ते दुसरं. मत उचलायचं आणि हकिकत टाकून द्यायची, हे कसं चालेल? मिळकतीतला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा मालक घेत होता, तोही मुलीवर किती कर्ज आहे ते बघून, हेही तिथेच आहे.

योशिदांचं सांगणं खोटं होतं. वर्तमानपत्राने ते मान्य केलं हे योग्यच झालं. पण साक्षी त्या माणसावर उभ्या नाहीत. जून 1990 मध्ये जपान सरकारने संसदेत सांगितलं की हे खाजगी दलालांचं काम होतं. ते ऐकून हे स्वतः सोसलेल्या सोलमधल्या किम हाक-सुन बाई संतापल्या आणि 14 ऑगस्ट 1991 ला स्वतःचं नाव आणि चेहरा घेऊन पत्रकारांसमोर बसल्या. त्यांच्याआधी ओकिनावात राहणाऱ्या कोरियन बे बोंग-गी यांची कहाणी 1975 मध्ये उजेडात आली होती. ती का आली? तर ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यातून जपानकडे परत गेलं आणि तिथे राहायची परवानगी मिळवायला बाईंना आपण इथे कशा आलो ते सांगावं लागलं. निवासाच्या कागदासाठी आयुष्य उघडं करावं लागलं.

योशिमींनी टोकियोच्या संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात जाऊन मूळ कागद काढले. जानेवारी 1992 मध्ये ते छापून आले. त्यातला 4 मार्च 1938 चा युद्ध मंत्रालयाचा कागद मी स्वतः जपानीतून वाचला आहे. त्यात लिहिलंय की बायका गोळा करणारे दलाल काळजीपूर्वक निवडा, लष्करी पोलिस आणि स्थानिक पोलिसांना हाताशी धरा, लष्कराच्या प्रतिष्ठेला बाधा येऊ देऊ नका. म्हणजे काय चाललंय ते वर माहीत होतं आणि चिंता प्रतिष्ठेची होती. ऑगस्ट 1993 मध्ये मुख्य कॅबिनेट सचिव कोनो यांनी केलेल्या निवेदनात, ज्याला कोनो निवेदन म्हणतात, सरकारने लष्कराचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहभाग आणि बायकांच्या इच्छेविरुद्धची भरती कबूल केली. इंडोनेशियात सेमारांगला छावणीतून उचलून नेलेल्या डच मुलींच्या बाबतीत तर 1948 मध्येच बटाव्हियाच्या, म्हणजे आताच्या जकार्ताच्या, लष्करी न्यायालयाने शिक्षा दिल्या, एका मेजरला मृत्युदंडही. तो निकाल हरलेल्या-जिंकलेल्यांच्या राजकारणातून आला असं म्हणा हवं तर. माझा आक्षेप वेगळा आहे. त्याच बेटांवरच्या इंडोनेशियन मुलींसाठी तसे खटले जवळजवळ कोणी उभे केले नाहीत.

करारांचं म्हणाल तर, त्या प्राध्यापकांना इतर इतिहासकारांनी एकच गोष्ट मागितली, कोरियन मुलींचा एखादा करार दाखवा. तो आला नाही. आणि समजा बापाने पैसे घेऊन अंगठा उठवला असता, तर? चौदा-सोळा वर्षांची पोर, भाषा न कळणाऱ्या देशात, दारावर पहारा, परतीचं जहाज लष्कराचं. वेठबिगारालाही आपण कायद्याने गुलामगिरीत धरतो. तिथेही आगाऊ रक्कमच असते.

पुराव्यानिशी

1938 चा कागद माहीत नव्हता. वेठबिगारीचं उदाहरण पटलं. योशिदा प्रकरणापलीकडे मी वाचलंच नव्हतं, हे मान्य करतो. पुढचं वाचतोय.

योकोहामाकर

चौदा वर्षं जपानात आहे. माझी मुलं इथल्या शाळेत शिकतात, म्हणून पाठ्यपुस्तकांबद्दल लिहितो.

1970 च्या दशकापासून इथे रूढ झालेला शब्द ‘जूगुन इआनफू’, म्हणजे लष्करासोबत असलेल्या इआनफू. हा युद्धकाळातला शब्द नाही, नंतरचा. कोनो निवेदनातही तो ‘तथाकथित’ लावून आला आहे. एप्रिल 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की ‘जूगुन’ जोडणं गैरसमज करणारं आहे, नुसतं ‘इआनफू’ म्हणा. त्यानंतर प्रकाशकांनी पुस्तकांत बदल केले. म्हणजे ‘लष्कर’ तेवढं शब्दातून गेलं, ‘सांत्वन’ राहिलं.

पण जपानी माणसांवर अन्याय नको म्हणून हेही नोंदवतो. योशिमी जपानी. डिसेंबर 2000 मध्ये टोकियोत बायकांनी भरवलेल्या जनन्यायालयामागची मोठी ताकद म्हणजे मात्सुई यायोरी, ही जपानी पत्रकार. चिनी आणि कोरियन आज्यांचे खटले फी न घेता लढवणारे वकील जपानी. माझ्या मुलाच्या एका शिक्षिकेने पुस्तकात नसताना हा भाग शिकवला. बाई निवृत्तीला आल्या होत्या, आवाज हळू होता, पण शिकवला.

आणखी एक, जे इथेही फार कमी लोकांना माहीत असतं. ऑगस्ट 1945 मध्ये शरणागतीनंतर काही दिवसांतच जपानच्या गृहमंत्रालयाने अमेरिकन फौजेसाठी अशीच केंद्रं उभी करायला लावली. संस्थेच्या जपानी नावात पुन्हा ‘इआन’. या वेळी जाहिराती जपानी मुलींसाठी होत्या, युद्धात घरदार गेलेल्या. अमेरिकन सैनिक रांगा लावत होते. 1946 च्या सुरुवातीला ती बंद झाली. शब्द तोच, रांगेतले गणवेश फक्त बदलले.

सुवानवासी

@योकोहामाकर, कोरियाचंही ऐका. मी कोरियात असते. इथे ‘वीआनबू’ शब्द बरेचदा अवतरणचिन्हात लिहितात, म्हणजे हा आमचा शब्द नाही, त्यांचा आहे, हे दाखवायला. पण युद्धानंतर अमेरिकन तळांभोवतीच्या वस्त्यांतल्या बायकांना खुद्द कोरियन सरकार वीआनबूच म्हणत होतं, अवतरणचिन्हाशिवाय. त्या बायकांचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि सप्टेंबर 2022 मध्ये सरकारला जबाबदार धरलं गेलं. इथले बरेच लोक पहिल्या गटासाठी रडतात आणि दुसऱ्या गटाचं नाव निघालं की गप्प होतात.

सोलमधल्या बुधवारच्या निदर्शनांना मी तीनदा गेले. जपानी वकिलातीसमोर 8 जानेवारी 1992 पासून ती चालू आहेत. तिथला ब्राँझचा पुतळा डिसेंबर 2011 मध्ये, हजाराव्या बुधवारी बसवला. खुर्चीवर बसलेली मुलगी, केस वेडेवाकडे कापलेले, मुठी मांडीवर. पाय अनवाणी, आणि टाचा जमिनीला टेकलेल्या नाहीत. शेजारी एक रिकामी खुर्ची. जमिनीवर तिची सावली बसवली आहे ती मुलीची नाही, वाकलेल्या म्हातारीची आहे. मी गेले तेव्हा कडाक्याची थंडी होती. कोणीतरी तिला लोकरीची टोपी घातली होती, गळ्यात मफलर, आणि पायांत मोजे. मोजे हाताने विणलेले होते, टाचेपाशी जरा सैल.

त्यांना इथे सगळे ‘हाल्मोनी’ म्हणतात. आजी. सरकारदरबारी नोंदवलेल्या 240 होत्या. आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात.

सावली

मी वीसेक वर्षं पुण्यात देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवते. शाईपेन, तुमच्या धाग्यातल्या एका वाक्यापाशी थांबले. “‘वेश्या’ नको.” का नको, ते नीट लिहायला हवं.

त्या वेश्या नव्हत्या म्हणून अन्याय झाला, असं म्हटलं की ज्या आधी धंद्यात होत्या त्यांच्यावर झाला नाही, असा अर्थ होतो. जपानमधूनही बायका नेल्या होत्या, परवाना असलेल्या वस्त्यांतून, कर्जात बुडालेल्या. त्यांच्यापैकी पुढे आलेल्या जवळजवळ नाहीतच, कारण त्यांच्यासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नव्हतं. शिरोता सुझुको या टोपणनावाने एक बाई बोलल्या. बापाच्या कर्जापायी विकल्या गेलेल्या, पुढे तैवान आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांवर नेलेल्या. म्हातारपणी चिबा प्रांतातल्या कानिता नावाच्या आश्रमात राहत होत्या. तिथे मेलेल्या मैत्रिणी रोज डोळ्यांसमोर येतात, त्यांच्यासाठी काहीतरी उभं करा, असं त्यांनी तिथल्या पाद्र्यांना सांगितलं. 1985 मध्ये टेकडीवर आधी लाकडी खांब उभा राहिला, पुढच्या वर्षी दगड. किम हाक-सुन बोलायच्या पाच वर्षं आधी. आणि त्या दगडावर काय कोरलंय? “अरेरे, जूगुन इआनफू.” तोच शब्द. तिच्याकडे दुसरा नव्हता.

आमच्याकडच्या बायका स्वतःला ‘धंदेवाली’ म्हणतात, आणि बाहेरच्याने तोच म्हटला की चवताळतात. शब्द तोच असतो. कोणाच्या तोंडी आहे ते बघतात.

जाता जाता, मुंबईच्या कामाठीपुऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी बायकाही होत्या. सफेद गल्लीच्या जुन्या वर्णनांत त्यांचा उल्लेख येतो. त्यांना जपानीत ‘कारायुकी’ म्हणत, म्हणजे परदेशी गेलेल्या. शिमाबारा आणि आमाकुसाच्या गरीब घरांतल्या मुली. बघा, ‘गेलेल्या’. नेलेल्या नव्हे.

जुनी_छावणी

इतिहासाचा निवृत्त शिक्षक. सावली यांच्या मुद्द्याला पुस्ती.

ब्रिटिशांच्या छावण्यांत, आपल्या पुण्याखडकीसकट देशभर, गोऱ्या सैनिकांसाठी ‘लाल बाजार’ असत. 1864 च्या छावणी कायद्याने बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. रोगी ठरली की तिला कोंडायचं ते इस्पितळ ‘लॉक हॉस्पिटल’ म्हणून ओळखलं जाई. 1886 मध्ये सैन्याच्या क्वार्टरमास्टर जनरलचं परिपत्रक निघालं की पलटणीच्या बाजारात पुरेशा बायका असाव्यात आणि त्या पुरेशा आकर्षक असाव्यात. ते विलायतेत फुटल्यावर गदारोळ झाला. सैनिकांचं आरोग्य हेच कारण, तपासणी बायकांचीच. जपानने जे केलं ते आकाराने आणि क्रौर्याने फार पुढचं होतं, दोन्ही एका मापाने मोजत नाही. पण कागदाची भाषा वाचताना अंगावर काटा येतो इतकी सारखी आहे.

आणि आपण स्वतः? पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. ‘बटीक’ शब्द तर आपण अजून वापरतो, “सत्तेची बटीक” वगैरे, आणि ती बाई कोण होती ते आठवतही नाही. म्हणून शाईपेन ताईंना विनंती, ‘बटीक’ सुचला तर तो घेऊ नका. वाचकाच्या कानाला आता तो नुसता अलंकार झालाय.

दर्यावर्दी

अंदमानात मार्च 1942 ते ऑक्टोबर 1945 जपानी राज्य होतं. पोर्ट ब्लेअरलाही अशी केंद्रं होती, बायका बाहेरून जहाजाने आणलेल्या. आपल्याकडची माणसं सेल्युलर जेल बघायला हजारोंनी जातात, मीही दोनदा गेलो. सावरकरांची कोठडी बघितली, प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम बघितला. या बायकांबद्दल एक पाटी दिसली नाही. धागा वाचेपर्यंत मला प्रश्नही पडला नव्हता.

माजघर

‘वीरांगना’ का नाही म्हणायचं? एवढं सोसून त्या उभ्या राहिल्या. मान देणारा शब्द आहे.

रानजाई

@माजघर, हा प्रयोग शेजारी होऊन गेला आहे. 1971 च्या युद्धात पाकिस्तानी सैन्याने ज्यांच्यावर अत्याचार केले त्या बायकांना बांगलादेश सरकारने ‘बीरांगना’ किताब दिला. हेतू चांगला होता. पण शब्द उच्चारला की गावाला कळायचं हिच्या बाबतीत काय झालं ते. बंगालीत ‘बारांगना’ म्हणजे वेश्या, आणि लोकांनी एक अक्षर बदलून टोमणे मारले. त्यांना मुक्तियोद्धा म्हणून मान्यता मिळायला 2015 उजाडावं लागलं. मानाचा शब्दही वरून चिकटवला तर चिकटवलेलाच राहतो.

हिरवाचाफा

‘बंदिनी’? ‘लष्करी कैदेतल्या स्त्रिया’? दुसरा लांब आहे पण खोटा नाही.

शाईपेन

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण प्रत्येक प्रतिसादानंतर मूळ मजकुराकडे परत जात होते.

संयुक्त राष्ट्रांच्या श्रीलंकन प्रतिनिधी राधिका कुमारस्वामी यांनी 1996 च्या अहवालात ‘लष्करी लैंगिक गुलामी’ हा शब्द वापरला. तो मी घेतेय, पण व्यवस्थेसाठी. ‘लष्कराने चालवलेली लैंगिक गुलामी’ हे प्रस्तावनेत येईल, टिपेत येईल. बाईसाठी नाही. लष्करी कागद बोलतो तिथे ‘इआनफू’ राहील, अवतरणचिन्हात, कोरियात लिहितात तसा. म्हणजे वाचकाला कळेल की आत्ता बोलणारा कोण आहे. शिरोताबाईंच्या दगडावरचा शब्दही तसाच ठेवणार, पण अवतरणचिन्हं न लावता. सावली, हे तुमच्यामुळे सुचलं.

माझ्या चाळीस पानांत शांशीच्या वान आयहुआ आहेत. 1943 मध्ये त्यांना तीनदा धरून नेलं, हाडं मोडली, पुढे उंचीच कमी झाली. त्यांना वेइआनफू म्हटलेलं चालत नसे. त्या जपान्यांविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, कोणाचं सांत्वन करायला गेल्या नव्हत्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या साक्षीत हा शब्द मी एकदाही येऊ देणार नाही, मूळ इंग्रजी लेखात तो मथळ्यात असला तरी. संपादकांशी बोलले आहे, त्यांनी मान्य केलं.

सेमारांगच्या त्या डच मुलींपैकी जॅन रफ-ओ’हर्न आहेत. त्यांनाही हा शब्द अपमान वाटे. जिथे कोंडलं त्या घरात मुलींना फुलांची जपानी नावं दिली होती. कोरियन मुलींनाही ठिकठिकाणी जपानी नावंच मिळाली. पण जॅनबाईंकडे एक पांढरा हातरुमाल होता. पहिल्या दिवसांतच सगळ्या मुलींनी त्यावर आपापली खरी नावं लिहिली, आणि त्यांनी ती रंगीत दोऱ्यांनी भरून घेतली. पन्नास वर्षं तो रुमाल घरात होता. घरच्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता.

कोरियात ‘हाल्मोनी’, फिलिपिन्समध्ये ‘लोला’, तैवानमध्ये ‘आमा’. तिन्हींचा अर्थ एकच, आणि त्याला मराठीत शब्द शोधावा लागत नाही. वर सुवानवासी आणि योकोहामाकर यांनी तो न ठरवता वापरलाच आहे. पण धोका एवढाच की ‘आजी’ म्हटलं की वाचकाला सुरकुत्या दिसतात, आणि ज्या वेळची ही साक्ष आहे तेव्हा ती सतरा वर्षांची होती. म्हणून प्रत्येक साक्षीची सुरुवात तिच्या आईबापांनी ठेवलेल्या नावाने करतेय. नाव, गाव, जन्मसाल, आणि मग “मी”. ‘आजी’ फक्त आजच्या काळातल्या वाक्यांत, इतर लोक तिला हाक मारतात तिथे.

काल तिसरी ओळ लिहून झाली. “माझं नाव किम हाक-सुन. जन्म 1924, चीनमधल्या जीलिनचा.”

वर्गातल्या मुलीने परवा वही दाखवली. ‘इआनफू’च्या तीन अक्षरांपुढे तिने तिचा अर्थ खोडला होता आणि जागा मोकळी ठेवली होती. मी या धाग्याचा दुवा तिला दिला आहे.